मान हलेपर्यंत

स्नेहवलयातून बाहेर पडलेल्या माणसांनी आपली एक संघटना काढली, तेव्हा तिचं नाव ठरवण्यातच इतक्या बैठका झाल्या की तेवढ्या अवधीत स्नेहवलयाने नवी माणसं भरून एक अख्खं सभागृह उभं केलं. अखेर ‘मोकळा श्वास’ हे नाव एकमताने मंजूर झालं. एकमताने म्हणजे मास्तरांनी सुचवलं आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. पहिल्याच आठवड्यात दोन गृहस्थ आपापला जुना दमा घेऊन चौकशीला आले. त्यांच्या हातात वलयाच्या धोक्यांची पत्रकं देऊन त्यांना वाटेला लावलं. दमा होता तिथेच राहिला, पण दोघेही वलयात गेले नाहीत, त्यामुळे ‘आपण वाचवलेली माणसं’ म्हणून संघटना आजही त्यांच्याकडे बोट दाखवते. दुसऱ्या कुणाकडे दाखवावं असं अजून कुणी सापडलेलं नाही.

स्नेहवलय म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नाही, ते भाग्यवान. मधोमध एक गृहस्थ बसतात, त्यांना परमस्नेही म्हणायचं. त्यांच्याभोवती ‘मधले’, मधल्यांभोवती ‘आतले’, आतल्यांभोवती ‘कडेचे’. त्यापलीकडे उरलेलं सगळं जग, म्हणजे परिघाबाहेरचे. त्यांचा राग करायचा नाही, कीव करायची. वलयात जबरदस्ती कुणावरच नसते. तुम्ही रडत असाल तर दहाजण येऊन तुमचे डोळे पुसतात, आणि रडत नसाल तर रडू येईपर्यंत पुसत राहतात.

संघटनेचे कर्तेधर्ते मास्तर. हायस्कुलात जन्मभर भूमिती शिकवली आणि निवृत्तीनंतर वर्तुळाच्या मोहात पडले. वलयात ते चांगले ‘मधले’ होते, त्यामुळे बाहेर आल्यावरही त्यांना कडेला बसायची सवय लागेना. दुसरा विमावाला. हा आपल्या धंद्यात लोकांना मरणाची भीती घालायचा आणि सुट्टीच्या दिवशी जगण्याची भीती घालून वलयात भरती करायचा. दोन्हीकडे बक्षिसं मिळवलेली. तिसऱ्या डॉक्टरीणबाई, दातांच्या. परमस्नेही अन्नाला शिवत नाहीत, केवळ सूर्यप्रकाशावर जगतात, हे वलयातलं पोरसुद्धा जाणून होतं. बाईंनी मात्र त्यांच्या किडलेल्या दाढा स्वतःच्या हाताने भरल्या होत्या. एका दाढेत तर चॉकलेटचं चंदेरी वेष्टनसुद्धा निघालं. तरी बाई पुढे कित्येक वर्षं वलयात होत्या. सूर्यप्रकाशात साखर असणार, अशी त्यांनी मनाची समजूत घातली होती. शिकलेल्या माणसाला समजूत घालायला बाहेरचं कुणी लागत नाही, तेवढा तो स्वावलंबी असतो.

आणि चौथी धाकटी. तिला सगळे धाकटीच म्हणत, कारण तिला वलयात आणलं ते तिच्या थोरल्या बहिणीने, आणि तिथे ‘ताईची धाकटी’ म्हणून जी ओळख झाली ती चिकटली. धाकटी सूक्ष्मजीवशास्त्राची पदवीधर, दूध तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरीला. त्यात लहानग्या छकुलीची आई. म्हणजे आधीच जिला दाराच्या कडीवर जंतू दिसायचे, तिला आता टेबलाचे कोपरे, विजेची सॉकेटं, गिळता येण्याजोगी बटणं आणि बुडता येण्याजोग्या बादल्याही दिसायला लागल्या. नवरा म्हणायचा, “तू खोलीत शिरतेस तेव्हा बाई शिरल्यासारखी वाटत नाहीस, अग्निशमनवाल्यांची तपासणी आल्यासारखी वाटते.” तो स्वतः लिफ्टदुरुस्तीतला. माणसं वर जावीत आणि तशीच खाली यावीत, एवढंच त्याचं अध्यात्म.

ताई अजून वलयातच होती. गुरुवारी तिचा फोन आला. आवाज नेहमीप्रमाणे मऊ, धुऊन वाळवलेल्या दुपट्यासारखा. बोक्याची सोपवणी सोमवारी ठरली, असं तिने सांगितलं. त्याआधी परिघाबाहेरच्या नातलगांचा निरोप घ्यायची रीत आहे, म्हणून रविवारी ती त्याला घेऊन येणार होती.

बोका म्हणजे ताईचा मुलगा. नुकता धावायला शिकलेला, गालांवरून हे नाव पडलेलं. सोपवणी म्हणजे मूल अंकुरगृहात द्यायचं. अंकुरगृह दूरच्या गावी. तिथे सगळ्या मुलांना अंकुर याच नावाने हाक मारतात, म्हणजे ‘माझं-तुझं’ उरत नाही. आईने महिन्यातून एकदा काचेपलीकडून बघायचं; हात लावला तर मोह वाढतो. ज्या बापाचं मूल अंकुरगृहात जातं, तो बाप एक वलय आत सरकतो. भावोजींनी आतल्या वलयात बसायचं आसनसुद्धा शिवून घेतलं होतं.

धाकटीने फोन ठेवला आणि न्हाणीघरात जाऊन छकुलीच्या हातातला मग काढून घेतला. कारण काहीच नव्हतं. पोरगी तीन वर्षांची, मगात बुडण्याचं वय उलटून गेलेलं. दुसऱ्या दिवशी ती पोलिसांकडे गेली. तिथल्या माणसाने सगळं शांतपणे ऐकून घेतलं, मुलाचे आईबाप हयात आहेत का, शुद्धीवर आहेत का, आणि त्यांची काही तक्रार आहे का, असं विचारलं. तिसऱ्या प्रश्नाला ती अडली. मग त्याने आपल्या भाच्याला बोर्डिंगात घातल्यापासून तो किती सुधारला ते सांगितलं.

तेव्हा उरला मोकळा श्वास. “जा, तुझ्या दमेकऱ्यांना विचार,” नवरा म्हणाला, पण ते चेष्टेत नव्हतं. त्यालाही रात्री झोप लागली नव्हती.

शनिवारी बैठक बसली. बैठकीची जागा म्हणजे डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्याची बाहेरची खोली. एकमेकींना पट्टीने जोडलेल्या खुर्च्या, माशांची टाकी, भिंतीवर बत्तीशी दाखवून हसणाऱ्या माणसाचं मोठं पोस्टर. ताईला थेट दवाखान्यात आणायचं ठरलं. मुलाला परगावी धाडण्याआधी दात दाखवून घेऊ म्हणून सांगायचं. या तिघांपैकी कुणालाच ती ओळखत नव्हती. ते वलयाच्या दुसऱ्या केंद्रातले. मास्तरांनी फळा नव्हता म्हणून हवेतच आकृती काढली. ताई इथे, तिची पाठ दाराकडे. तिच्या दोन्ही बाजूंना एकेक माणूस, फार जवळ नाही, फार लांब नाही. तिला कोमट पाणी द्यायचं. सगळ्यांनी हळू बोलायचं. ‘नाही’ हा शब्द कुणी काढायचा नाही. मोबाइल दारातच टोपलीत.

धाकटीला ही आकृती कुठेतरी पाहिल्यासारखी वाटली. कुठे, ते तिला चांगलंच माहीत होतं. ताईने तिला पहिल्यांदा वलयात नेलं तेव्हा अशीच तिची पाठ दाराकडे होती आणि असंच कोमट पाणी होतं.

तिने तसं बोलून दाखवलं. मास्तर हसले. लोखंडाने लोखंड कापायचं असतं, म्हणाले. विमावाल्याचा चेहरा तर उजळला होता. बऱ्याच दिवसांनी त्याला आपल्या हातखंड्याचं काम मिळालं होतं. धाकटीने मग स्वतःशी शास्त्रीय विचार केला. लस म्हणजे तरी काय, त्याच रोगाचे जंतू. मेलेले टोचले की रोग होत नाही, उलट रोखला जातो. ते मेलेत की नाही ते आधी तपासून बघायचं असतं, हे प्रयोगशाळेत तिला कुणी झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. तिथे मात्र आठवलं नाही.

धाकटीला बोक्याला वाचवायची घाई होती, आणि घाई का होती तेही इथे सांगायला हवं. वलयात एक रीत आहे, तिला होकार म्हणतात. कुठलंही काम स्वतःच्या मनाने करायचं नाही. पाणी प्यायचं असो, खिडकी लावायची असो, खोलीत जो सगळ्यांत आतल्या वलयातला असेल त्याच्याकडे बघायचं. विचारायचं नाही, नुसतं बघायचं. त्याने मान हलवली की करायचं. सोपं असतं; दोन-चार महिन्यांत अंगवळणी पडतं आणि डोक्याला इतका आराम मिळतो की आपल्याला डोकं होतं हेच माणूस विसरतो. छकुली तान्ही असताना एका दुपारच्या ध्यानात रडायला लागली. बायकांच्या दालनातल्या मोठ्या बाई डोळे मिटून बसलेल्या. धाकटी त्यांच्याकडे बघत राहिली. छकुलीचा आवाज चिरकला, बसला, पुन्हा फुटला. धाकटीचा ब्लाउज दुधाने भिजून गेला. आणि अख्खं दालन त्या एका मानेकडे टक लावून बसलेलं. ताईसुद्धा. ती तर शेजारीच होती. अखेर मान हलली. हलली ती पुढे लवंडली, आणि बाई घोरायला लागल्या. ज्याला सगळे समाधी समजत होते ती जेवणानंतरची डुलकी होती.

धाकटीने पोर उचलली आणि ती अनवाणीच बाहेर पडली. वलयात चपला टोकं आत करून लावायच्या असतात, म्हणजे पाय बाहेरची वाट विसरतात. त्या शोधून, उलट्या फिरवून, पायात घालण्याइतका धीर तिच्यात नव्हता. ताई तिच्या मागे आली नाही. तिने त्या घोरणाऱ्या बाईंकडे पाहिलं, मान हलत नव्हती, आणि ती बसून राहिली.

रविवारी ताई आली ती बोक्याला कडेवर घेऊन. वलयाची पांढरी साडी, केस मागे ओढून बांधलेले. पूर्वी ती इमारतींचे नकाशे काढायची. कुठल्याही खोलीत शिरली की खिडकी चुकीच्या भिंतीला आहे म्हणून कुरकुर करायची. या खोलीला तर एकही खिडकी नव्हती, पण ती काही बोलली नाही. तिने दारात चपला काढल्या, तिथल्या चपलांच्या रांगेकडे क्षणभर पाहिलं, आणि आपल्या चपला त्या रांगेला लावल्या. मग न सांगताच मोबाइल टोपलीत टाकला आणि जी खुर्ची तिच्यासाठी ठरवली होती, नेमक्या तिच्यावर येऊन बसली. कोमट पाण्याचा पेला दोन्ही हातांनी घेतला. विमावाल्याने धाकटीकडे पाहून डोळ्यांनीच ‘बघा’ म्हटलं.

बोक्याचे दात बघून झाले. दात कसले, दाणेच. डॉक्टरीणबाईंनी त्याला खेळायला प्लॅस्टरचा जबडा दिला आणि तो तेवढ्यावर खूष होऊन फरशीवर फिरू लागला. धाकटीने खोलीत येताच सगळं टिपून घेतलं होतं. काचेच्या टेबलाला रुमाल गुंडाळला होता, माशांच्या टाकीची वायर वर उचलून ठेवली होती, केराची टोपली कपाटावर चढवली होती.

मास्तरांनी घसा साफ केला आणि विषयाला प्रस्तावना सुरू केली. माणूस स्नेहाचा भुकेला असतो, इथपासून. ते ‘तथापि’पर्यंत पोचले असतील नसतील, तोच ताई गोड हसली.

“तुम्ही सगळे सुटलेले ना?” तिने विचारलं. “दारातच कळलं. चपलांची टोकं आत आहेत सगळ्यांची.”

चौघांनीही दाराकडे पाहिलं. चौघांच्याही होत्या. संघटनेच्या पत्रकात ‘वलयाच्या सवयी कशा ओळखाव्या’ असं एक कलम होतं, आणि ते लिहिणारा माणूस आपल्या चपला रोज तशाच लावत होता.

“मग निघून का नाही गेलीस, ताई?” धाकटीने विचारलं.

“कशाला जाऊ? किती बरं वाटलं गं इथे. अगदी आपल्याकडच्यासारखं. मला वाटायचं, बाहेर पडलेली माणसं ओरडत असतील, भांडत असतील. तुमचं तर सगळं जागच्या जागी आहे. पाणी कोमट, बोलणं हळू, पाठ दाराकडे.” तिने पेला खाली ठेवला. “मग बाहेर पडून मिळवलंत काय तुम्ही?”

टोमणा नव्हता तो, हीच पंचाईत होती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

मग संघटनेने आपला दारूगोळा बाहेर काढला. डॉक्टरीणबाईंनी परमस्नेहींच्या दाढांची हकिगत सांगितली, वेष्टनासकट. ताईने ती आदराने ऐकली आणि शरीर म्हटलं की दात किडणारच, उलट त्यांनी सामान्य माणसांसारखं दुखणं स्वीकारलं यात त्यांचा मोठेपणा आहे, असं सांगितलं. बाईंनी मान खाली घातली. एकेकाळी हेच उत्तर त्यांनी स्वतःला दिलं होतं, आणि इतकं नीटनेटकं दिलं नव्हतं. मग विमावाला सरसावला. नव्या माणसाला वलयात कसं घोळात घेतात, कसं दोन्ही बाजूंनी बसतात, कसा त्याचा मोबाइल गोड बोलून काढून घेतात, हे तो तपशीलवार सांगू लागला. ताई त्याच्याकडे, मग आपल्या दुसऱ्या बाजूला बसलेल्या डॉक्टरीणबाईंकडे, मग दारातल्या टोपलीकडे बघत गेली. तिला काही बोलावं लागलं नाही. विमावाल्याचं वाक्य आपोआप अर्ध्यात थांबलं, पेट्रोल संपल्यासारखं. पालथ्या घड्यावर पाणी म्हणावं, तर घडा सरळ होता. पाणीच त्याच विहिरीतलं निघालं.

उद्या सकाळी अंकुरगृहाची गाडी येणार होती. धाकटीला वाटलं, उठावं, बोक्याला उचलावं आणि पळत सुटावं. आणि लगेच वाटलं, दुसऱ्याचं मूल उचलून नेणारेच तर उद्या येणार आहेत, त्यांच्यात आपली भर कशाला.

आणि बोका पडला.

जिथे कोपरा नव्हता, टोक नव्हतं, वायर नव्हती, अशा साफ सपाट फरशीवर, स्वतःच्याच पायात पाय अडकून, तोंडावर. हातातला जबडा आधी आपटला आणि त्याच्यावर ह्याचं तोंड. एक क्षण काहीच आवाज नाही. सगळी पोरं घेतात तसा त्याने मोठा श्वास आत ओढला आणि मग जो काही टाहो फोडला, त्याने टाकीतले मासेसुद्धा उलट दिशेला फिरले. ओठातून रक्त आलं. रक्त थोडंसंच होतं, पण लाळेत मिसळून हनुवटीभर झालं.

ताई अर्धी उठली आणि थांबली. तिने मास्तरांकडे पाहिलं.

मास्तर सगळ्यांत मोठे, एकेकाळचे मधले, आणि ते त्यांच्या बोलण्यावरूनच कळत होतं. तिने त्यांच्या मानेकडे पाहिलं, तोंड किंचित उघडं, हात पुढे झालेले आणि हवेत थिजलेले. पण तेवढ्याने भागलं असतं, तर संघटनेची लाज तरी राहिली असती. विमावालाही खुर्चीतून उचलला गेला होता, आणि तोही मास्तरांकडेच बघत होता. डॉक्टरीणबाई, ज्यांचा हा दवाखाना, ज्यांच्या खिशात कापूस, त्याही. आणि धाकटी. जी याच एका गोष्टीपायी अनवाणी बाहेर पडली होती, जिच्या नजरेतून खोलीतलं एक सॉकेट सुटलं नव्हतं, तीसुद्धा.

आणि मास्तरांनी कुणाकडे पाहावं? त्यांच्या वर कुणीच नव्हतं. त्यांनी मान वर केली. वर भिंतीवर पोस्टरमधला माणूस बत्तीशी दाखवत होता. त्याने काही होकार दिला नाही.

“माझ्याकडे काय बघता?” मास्तर एकदम ओरडले. आवाज फाटलेला, घाबरलेल्या पोरासारखा. “अहो, माझ्याकडे काय बघताय सगळे?”

त्या दिवशी त्या खोलीत पहिल्यांदाच कुणी मोठ्याने बोललं होतं. ताई दचकली. “बोक्या,” ती म्हणाली, आणि तिने फरशीवर बसकण मारून त्याला छातीशी ओढलं. पांढऱ्या साडीला रक्त लागलं. वलयातला शब्द अंकुर होता, पण त्या वेळी तो काही तिच्या तोंडात आला नाही.

बोका हुंदके देत राहिला. कुणी कुणाच्या डोळ्याला डोळा देईना. डॉक्टरीणबाईंनी कापूस काढला आणि त्या तशाच हातात धरून उभ्या राहिल्या. विमावाल्याने पत्रकांचा गठ्ठा हळूच खुर्चीखाली सरकवला.

ताईने मान वळवून धाकटीकडे पाहिलं. आता तिच्या बोलण्यातला दुपट्याचा मऊपणा गेला होता.

“तू का बघत होतीस?” तिने विचारलं. “तू तर सुटलीस ना?”

धाकटीने रात्रभर जागून बोलायचं जे पाठ केलं होतं, त्यातलं एक अक्षर या प्रश्नाला लागू पडत नव्हतं. ती ताईसमोर फरशीवर बसली.

“मला वाटलं होतं, सुटले,” ती म्हणाली. “घरी गॅस बंद करायचा तरी मी आधी ह्यांच्याकडे बघते. त्यांना वाटतं, मी प्रेमाने बघते. भाजी घेताना भाजीवाल्याकडे बघते, हीच घेऊ ना म्हणून. परवा छकुलीला ताप होता, तर औषध हातात घेऊन मी दारात उभी. शेजारच्या काकू दिसेपर्यंत.” तिने ताईच्या गुडघ्यावर हात ठेवला. “ताई, मी गेले तेव्हा बावीस वर्षांची होते गं. माझं मला मन होतं, हे मला आठवतं तरी. म्हणून मी ते शोधत बसते. बोका आत्ताशी धावायला लागलाय. तो उद्या गेला आणि कधी बाहेर आला, तर काय शोधेल?”

बोक्याने ताईच्या पदराला नाक पुसलं. बराच वेळ ती त्याच्या टाळूवर ओठ ठेवून बसली होती. मग म्हणाली, “ह्यांना काय सांगू? आसन शिवून झालंय त्यांचं.”

हा प्रश्न सगळ्या पत्रकांत मिळून कुठेच नव्हता. परमस्नेहींच्या दाढांना उत्तर होतं, वलयाच्या तत्त्वज्ञानाला उत्तर होतं. शिवून झालेल्या आसनाला नव्हतं.

डॉक्टरीणबाई आता पुढे झाल्या. त्यांनी बोक्याचा ओठ उलटा करून आतून पाहिला, बॅटरीचा उजेड टाकला, कापूस दाबला. जरासं फाटलंय, दात शाबूत आहेत, काळजी करू नका, म्हणाल्या.

“उद्या प्रवास झेपेल त्याला?” ताईने विचारलं.

“न झेपायला काय झालं? सूज संध्याकाळपर्यंत उतरेल.”

“तसं नका सांगू,” ताई म्हणाली.

“मग कसं सांगू?”

ताईने सवयीने वर पाहिलं; आधी बाईंकडे, मग मास्तरांकडे, मग धाकटीकडे. धाकटीच्या ओठांवर उत्तर आलेलं होतं. गिळलं तिने ते, जिभेला दात लावून. आणि तेव्हा मोकळा श्वास या संघटनेने स्थापनेपासूनचं पहिलं शहाणपणाचं काम केलं: सगळ्यांनी दुसरीकडे पाहिलं. मास्तर माशांचं निरीक्षण करू लागले. विमावाला आपल्या शर्टाची बटणं तपासू लागला. डॉक्टरीणबाईंनी बॅटरी उगाचच बंद-चालू करून पाहिली. धाकटीने डोळेच मिटून घेतले, आणि मिटल्या डोळ्यांनी ती बहिणीचा श्वास ऐकत राहिली.

मग साडीची सळसळ झाली, पावलं वाजली, टोपलीत खुडबुड झाली. धाकटीने डोळे उघडले तेव्हा ताई दाराशी उभी होती, एका हाताने बोक्याला कडेवर सावरत, दुसऱ्या हाताने मोबाइल कानाला लावून.

“अहो, मी बोलतेय,” ती म्हणाली. “बोका पडला. ओठ फाटलाय. डॉक्टरांनी टाका घातलाय... हो, टाका. दोन. दोन घातलेत.”

पलीकडून काहीतरी विचारणा झाली. तिने डॉक्टरीणबाईंकडे पाठ फिरवली, भिंतीकडे तोंड केलं.

“नाही, उद्या नाही जमायचं. डॉक्टर नको म्हणतायत... नाही, मी म्हणतेय. मी म्हणतेय नको.” ती थांबली. आपणच काय बोललो ते तिचं तिला ऐकू आलं असावं, कारण पुढचं वाक्य एकदम घाईत आलं. “चार टाके आहेत, अहो. सुकल्याशिवाय कसा हलवू त्याला?”

खोटं बोलायची सवय राहिली नव्हती, त्यामुळे तिला कुठे थांबावं ते समजेना. टाके वाढतच गेले. पलीकडचा आवाज जसजसा चढला, तशी जखम खोल होत गेली, आतून एक, बाहेरून एक असं शिवणकाम निघालं, आणि शेवटी ते भावोजींच्या आसनाच्याही पुढे गेलं. डॉक्टरीणबाई कपाळाला हात लावून ऐकत होत्या. बोका तिच्या खांद्यावर टेकून, ज्या ओठाला हे सगळे टाके पडले होते तो ओठ पुढे काढून, तिच्या केसांची एक सुटलेली बट चोखत होता. धाकटीला त्या बटेवरचे सगळे जंतू नावानिशी दिसत होते. ती जागची हलली नाही.